काशम्मानं प्यालेलं अंडं

काशम्मा कलशेट्टी लहानपणापासून भित्री होती आणि आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात ते सगळ्यांना ठाऊक होतं. गिरणीचा भोंगा वाजला की ती दचकायची. कुत्रं आडवं आलं की मागं फिरून दुसऱ्या बोळानं घरी जायची. अभ्याससुद्धा ती भीतीपोटीच करायची. नापास होण्याची भीती बाकी सगळ्या भीतींहून मोठी, त्यामुळं पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. असं करता करता चौऱ्याहत्तर साली तिचा मेडिकलला नंबर लागला, तोही गावातल्याच कॉलेजात, आणि मग मात्र ती खरोखरची घाबरली.

तिचे वडील रुद्रप्पा यांचं सुतळी, दोरखंड आणि बारदानाचं दुकान होतं. बोलायला कमी, पण लेकीचं नाव पेपरात आल्यावर त्यांनी तो पेपर गल्ल्यामागं भिंतीला चिकटवला होता. त्यांचे थोरले भाऊ सिद्धलिंगप्पा होटगीला शेती बघायचे. काशम्मा त्यांना दोड्डप्पा म्हणायची, म्हणजे थोरले वडील. दोड्डप्पांना हे शिक्षण मुळीच पसंत नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते घरी यायचे आणि जेवताना एकदा तरी म्हणायचे, "पोरीच्या जातीला मढी फाडायला कोण पाठवतं, रुद्रप्पा? लग्नाचं बघ की."

मढ्यांची भीती आपल्याला नव्हती, असं काशम्मा पुढं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, गळ्यात हार घालून भिंतीला टेकवून बसवतात आणि बसलेलंच नेऊन पुरतात. तिचे आजोबा गेले तेव्हा ती त्यांच्या शेजारीच मांडी घालून बसली होती. पण डिसेक्शन हॉलमध्ये माणसं आडवी होती. अंगावर ना कपडा ना विभूती, कातडं चामड्यासारखं तपकिरी, आणि फॉर्मॅलिनचा वास असा की डोळ्यांतून पाणी वाहायचं. पहिल्याच दिवशी काशम्मानं टेबलाकडं बघितलं, वरच्या पंख्याकडं बघितलं आणि ती कोसळली. कोसळली ती शेजारच्या मुलाच्या अंगावर, तो मुलगा स्टुलावर आणि स्टूल पाण्याच्या बादलीवर. आवाज एवढा झाला की पलीकडच्या वर्गातली पोरं बघायला आली.

तिला उचललं ते भूदेवी चिप्पा नावाच्या मुलीनं. ही गावाच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. अंगानं मजबूत आणि कशालाच न भिणारी. त्या दिवसापासून दोघी एका टेबलावर आल्या, आणि वर्गात काशम्माला 'पडकी' हे नाव पडलं ते पडलंच.

ही बातमी कुणीतरी दुकानापर्यंत पोचवली. दोड्डप्पांनाही कळली. ते म्हणाले, "पडायचंच असंल तर घरात पडू दे की. तितं कशाला?" रुद्रप्पा संध्याकाळी दुकान बंद करताना लेकीला म्हणाले, "काशी, आणखी एकदा असलं कायतरी कानावर आलं, तर मला दोड्डप्पापुढं बोलायला तोंड राहणार न्हाय. पुस्तकं बांधून ठेवावी लागतील, बघ."

तेव्हापासून काशम्मा नव्या भीतीत होती. आपल्या हातून काही होता कामा नये, आणि झालं तर कुणाला कळता कामा नये.

ते झालं रक्त मोजायच्या प्रॅक्टिकलला. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रत्येकानं आपलं बोट टोचून रक्ताचा थेंब काढायचा, तो पिपेट नावाच्या काचेच्या बारीक नळीत तोंडानं ओढायचा, मग त्याच नळीत एका बाटलीतलं द्रावण ओढायचं आणि ते मिश्रण सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातल्या तांबड्या पेशी मोजायच्या, अशी पद्धत. नळीला रबरी ट्यूब असायची आणि ट्यूबचं टोक दातांत. जास्त जोरात ओढलं तर सगळं तोंडात.

प्रॅक्टिकल घ्यायला डॉक्टर मंद्रूपकर असायचे. उंच, वाळलेले, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेली. ते ओरडायचे नाहीत. मागून येऊन गुपचूप उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "चालू द्या." त्या दोन शब्दांनी मुलांच्या हातातल्या काचपट्ट्या फुटायच्या. आधल्याच आठवड्यात त्यांनी ती द्रावणाची बाटली वर धरून सांगितलं होतं, "यात पाऱ्याचा क्षार आहे. विष आहे. पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. तोंडात जाऊ देऊ नका." बाटलीवर तांबडी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर कवटी.

काशम्माला स्वतःचं बोट टोचवेना. ते भूदेवीनं टोचलं. रक्त ओढून झालं, नेमक्या खुणेपर्यंत आलं, आणि काशम्माला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे जमतंय. तिनं नळी द्रावणात बुडवली आणि हळूहळू ओढायला लागली. काचेतलं तांबडं पाणी वर चढत होतं.

"कलशेट्टी, हात का थरथरतोय?"

आवाज कानामागून आला. काशम्मानं दचकून श्वास आत घेतला आणि ट्यूब तोंडातच होती. खारट, गिळगिळीत, गंजल्यासारखं काहीतरी जिभेवर आलं. सर मागंच उभे. थुंकायचं कुठं?

"झालं का?" सरांनी विचारलं.

तिनं तोंड मिटून मान हलवली. मान हलवताना थोडं घशाखाली गेलं ते तिला स्पष्ट कळलं. सर पुढच्या टेबलाकडं वळले तशी ती बेसिनकडं धावली. थुंकी गुलाबी आली. तिनं चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा भरल्या, पण गेलेलं काही परत आलं नाही.

भूदेवी म्हणाली, "सरांना सांग."

"नको."

"अगं, विष हाय ते."

"नको म्हटलं ना. पडकी आता विष पिली म्हणून सगळ्या कॉलेजात होईल. अप्पा पुस्तकं बांधून ठेवतील."

तास संपल्यावर काशम्मा सरळ लायब्ररीत गेली आणि विषांवरचं जाडजूड पुस्तक मागितलं. ते पुढच्या वर्षांच्या मुलांचं पुस्तक. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं, पण दिलं. पाऱ्याचं पान सापडलं. तोंडाला धातूची चव येते. तिनं जीभ फिरवली, चव होती. लाळ सुटते. तिनं गिळून बघितलं, लाळ सुटली होती. घसा जळतो. हे वाचेपर्यंत घसा जळत नव्हता, वाचल्यावर जळायला लागला. पुढं लिहिलं होतं की पोटात कळा येतात आणि मग लघवी बंद होते, ती बंद झाली की रोगी सहसा वाचत नाही. काशम्मा उठून जाऊन आली. बंद झालेली नव्हती. पण पुस्तकात 'मग' असं लिहिलेलं होतं.

खाली उपाय होता. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पाण्यात फेटून ताबडतोब द्यावा. न मिळाल्यास दूध.

काशम्माच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी घेत नसे. शेजारच्या बोळातून तळणीचा वास आला तरी तिची आई खिडकी लावून घ्यायची. तिनं कँटीनला जाऊन दूध मागितलं आणि उभ्यानं पिऊन टाकलं. बाहेर सायकल स्टँडजवळ भूदेवी थांबली होती.

"पण पुस्तकात अंडं आधी लिहिलंय," काशम्मा म्हणाली. परीक्षेत पहिला मुद्दा सुटला की मार्क जातात हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. दुसऱ्या मुद्द्यावर जीव वाचेल यावर तिचा विश्वास बसेना.

"मग चल आमच्या घरी," भूदेवी म्हणाली. "आमच्याकडं कोंबड्या हायत."

साखर पेठेच्या पुढं गल्लीत शिरल्यावर मागांचा खडखडाट सुरू झाला. एरवी त्या आवाजानं काशम्मानं कान झाकले असते. त्या दिवशी तिला वाटलं, हा आवाज आपण शेवटचाच ऐकतोय. दारात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, निळ्या आणि तांबड्या. लडींमधून वाकून आत जाताना एक ओली लड तिच्या गालाला लागली. तिनं गाल पुसला तर हाताला तांबडं लागलं, आणि ती दारातच मटकन खाली बसली. भूदेवीला आधी तो रंग आहे हे पटवून द्यावं लागलं.

भूदेवीची आई नरसम्मा हिला मराठी तोडकंमोडकं यायचं. लेकीनं तेलुगूत काय सांगितलं कोण जाणे, तिनं काशम्माच्या कपाळाला हात लावून बघितला, परसात गेली आणि अंडं घेऊन आली. पितळी पेल्यात फोडलं, पाणी घालून फेटलं आणि पुढं धरलं.

"तागु, बिड्डा," ती म्हणाली. पी, बाळा.

काशम्माच्या गळ्यात लिंग होतं. जन्मल्यापासून ते गळ्यात असतं, काढून ठेवायचं नसतं. ते छातीवर असताना हे कसं पोटात घालायचं, तिला कळेना. शेवटी तिनं दोरा फिरवला, लिंगाची चांदीची डबी मागं पाठीवर घेतली, नाक दाबलं आणि पेला तोंडाला लावला.

पेला रिकामा झाला. मग ती मोरीकडं धावली आणि अंडं, दूध, सकाळची भाकरी सगळं बाहेर आलं.

"चांगलं झालं," भूदेवी म्हणाली. "विष बी पडलं असंल."

काशम्माला तसं वाटेना. उलटी हेही लक्षणांमध्ये होतं.

निघताना नरसम्मानं फडक्यात गुंडाळून दोन अंडी तिच्या पिशवीत ठेवली आणि खुणेनं सांगितलं, पुन्हा पी, संध्याकाळी. नको म्हणायला काशम्माच्या अंगात बळ नव्हतं.

ती घरी पोचली तर ओसरीवर दोड्डप्पा बसलेले. बाजाराचा दिवस होता हे ती विसरूनच गेली होती. रुद्रप्पाही दुकानातून लवकर आले होते. तिनं पिशवी भिंतीकडेला ठेवली आणि पाया पडायला वाकली.

"तोंड का उतरलंय पोरीचं?" दोड्डप्पांनी विचारलं.

"अभ्यास लई असतो, दोड्डप्पा."

"मग सोडावा की."

ती पाणी प्यायला आत गेली. तांब्याभर पाणी पिऊन परसाकडं गेली, आली, पुन्हा पाणी प्यायली, पुन्हा गेली. लघवी बंद झालेली नाही एवढी एकच गोष्ट तिच्या बाजूची होती आणि ती दर थोड्या वेळानं तपासून बघावी असं तिला वाटत होतं. तिची आई चंद्रव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. लेकीच्या फेऱ्या तिच्या ध्यानात आल्या, पण पाहुणे जेवायचे होते, तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

काशम्मा बाहेर आली तेव्हा तिच्या पोटात खरीच कळ आली. दोड्डप्पा मागं रेलले होते आणि त्यांच्या पाठीशी, भिंतीला टेकून, तिची पिशवी होती. ते ऐसपैस होत आणखी थोडं रेलले. फार बारीक आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. दोड्डप्पांना तो ऐकू आला नाही. काशम्मानं ऐकला. हळूहळू पिशवीच्या खालच्या कोपऱ्यावर ओला डाग उमटला आणि त्याच्या मधोमध पिवळं दिसायला लागलं.

चंद्रव्वा ताटं मांडायला बाहेर आली होती. तिनं डाग बघितला, लेकीचा चेहरा बघितला. मग ताट खाली ठेवून पुढं झाली आणि दोड्डप्पांच्या पाठीमागून पिशवी ओढून घेतली.

"काय सांडलं गं?" रुद्रप्पांनी विचारलं.

"कॉलेजातलं औषध हाय जणू," चंद्रव्वा म्हणाली. "धुऊन टाकते. काशी, तू ये हिकडं."

परसात, कपडे धुवायच्या दगडापाशी, चंद्रव्वानं पिशवी उपडी केली. एक अंडं फुटलेलं, एक धड. तिनं पदर नाकाला लावला.

"हे काय आणलंस?"

काशम्मा दिवसभर रडली नव्हती. आता रडली. रडत रडत सगळं सांगितलं. नळी, बाटली, कवटी, मूत्रपिंडं, पुस्तकात काय लिहिलंय ते, नरसम्माच्या घरी काय प्यायलं ते. शेवटी म्हणाली, "अव्वा, मी मरणार हाय. अप्पांना सांगू नको."

चंद्रव्वा शाळेत गेली नव्हती. पाऱ्याचा क्षार म्हणजे काय हे तिला कळलं नाही. लेक मरणार म्हणते एवढं कळलं.

"उपाय काय लिहिलाय म्हणालीस?"

"हे. पण माझ्या पोटात राहिलं न्हाय."

चंद्रव्वानं ओसरीकडं बघितलं. दोघा भावांचं बोलणं चालू होतं, यंदा होटगीच्या रानात पेरायचं काय यावर. तिनं पदर खोचला आणि अंडं हातात घेतलं. अंगावर पाल पडल्यावर होतं तसं तिचं तोंड झालं, पण तिनं ते सोडलं नाही. दगडावर आपटलं तर फुटेना, ती घाबरून इतकं हळू आपटत होती. तिसऱ्यांदा फुटलं ते निम्मं तिच्या बांगड्यांवर. उरलेलं तिनं वाटीत धरलं, पाणी घातलं, बोटानंच ढवळलं. मग लेकीचं नाक स्वतः दाबलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली.

"गीळ. सिद्धरामेश्वर बघून घेतील. मी सांगते त्यांना, तू गीळ."

या वेळी अंडं पोटात राहिलं.

टरफलं चंद्रव्वानं कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली, वाटी राखेनं घासली, पुन्हा घासली आणि शेवटी चुलीत धरून लाल केली. नंतर जेवायला वाढताना तिनं दोड्डप्पांच्या ताटात आमटीऐवजी पाणी वाढलं. काशम्माला बरं नाही म्हणून ती जेवली नाही. झोपताना चंद्रव्वानं तिला शेजारी घेतलं आणि अंगावर हात टाकला. दोघींनाही झोप लागली नाही.

सकाळी लेक जिवंत होती. चंद्रव्वानं इरकल नेसलं, विभूती लावली आणि नवऱ्याला सांगितलं, "देवळात जाऊन येते, काशीला घेऊन." देवळात गेल्या, तेवढं खोटं झालं नाही. तिथून टांगा केला आणि कॉलेजात आल्या.

"तुझा मास्तर कुटं बसतो?"

"अव्वा, नको. ते लई रागीट हायत."

"असू दे की. मी काय त्याच्याकडं परीक्षेला बसलेली न्हाय."

डॉक्टर मंद्रूपकर आपल्या खोलीत काहीतरी वाचत होते. दारात लुगड्यातली बाई आणि तिच्या मागं लपलेली कलशेट्टी बघून ते उभे राहिले. चंद्रव्वानं हात जोडले आणि एका दमात सांगितलं, मराठी संपलं तिथं कानडीत.

सरांनी ऐकून घेतलं. काशम्माला पुढं बोलावलं, जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, पापणी खाली ओढून बघितली, नाडी धरली.

"किती गेलं पोटात?"

"घोटभर, सर."

"पिपेटमध्ये घोट मावतो?"

सर शेजारच्या प्रयोगशाळेत गेले आणि तसलीच नळी घेऊन आले. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी त्यांनी नळीत पूर्ण ओढलं आणि चंद्रव्वाला म्हणाले, "आई, हात पुढं करा." तिनं तळवा पुढं केला. सरांनी नळी त्यावर रिकामी केली. तळव्याच्या मधोमध चार थेंब पाणी पडलं, कपाळाला लावायच्या तीर्थाएवढं.

"हे एवढं. यातलं बरंचसं ती थुंकली असणार. त्यात पारा नावाला. उरलं ते मिठाचं पाणी आणि तिचंच थोडं रक्त. तिला काही होत नाही."

चंद्रव्वा तळव्याकडं बघत राहिली. मग ते पाणी तिनं पुसलं नाही, हात तसाच लेकीच्या डोक्यावरून फिरवला.

"काल लगेच माझ्याकडं यायला काय झालं होतं?" सरांनी काशम्माला विचारलं.

"भीती वाटली, सर."

"विषाची?"

"विषाची पण. तुमची जास्त."

ती असं बोलून गेली आणि आता आपली पुस्तकं नक्की बांधली जाणार असं तिला वाटलं. सर खुर्चीत बसले. कोटाचं वरचं बटण त्यांनी सोडलं, पुन्हा लावलं.

"मी मिरजेला शिकायला होतो तेव्हा माझ्याही तोंडात गेलं होतं," ते म्हणाले. "मी घरी तार करायला निघालो होतो. मित्रांनी धरून ठेवलं."

चंद्रव्वाला अजून एक विचारायचं होतं. ती लेकीकडं बघत होती, लेक जमिनीकडं. शेवटी तिनं विचारलं, "आणि डॉक्टर, तिनं अंडं खाल्लंय. दोनदा. त्याला काय उपाय?"

सर उठून खिडकीशी गेले. बाहेर बघत राहिले. त्यांची पाठ हलत होती, आणि त्यांना राग आला असं वाटून काशम्मा आईच्या मागं सरकली. वळले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता, डोळे तेवढे ओले.

"त्याला उपाय लागत नाही, आई. ते आपोआप जातं."

पुढच्या प्रॅक्टिकलला तास सुरू व्हायच्या आधी डॉक्टर मंद्रूपकर फळ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याच्या तोंडात काही जाईल त्यानं आधी मला सांगायचं. मी रागावणार नाही." मुलं एकमेकांकडं बघायला लागली. रागावणार नाही हे ते इतक्या कडक आवाजात बोलले होते की पुढच्या रांगेतल्या एकाच्या हातातून सुई पडली. पण त्यानंतर ते मागून येताना बुटांचा आवाज करत यायला लागले, हे आधी भूदेवीच्या लक्षात आलं.

काशम्मानं त्या दिवशी पुन्हा रक्त ओढलं. हात थरथरत होताच. द्रावण खुणेपर्यंत आलं आणि तिनं जीभ ट्यूबच्या तोंडावर अशी दाबून धरली की नंतर भूदेवीला ती ट्यूब ओढून काढावी लागली. तिनं पेशी मोजल्या, गुणाकार केला आणि आकडा सरांपुढं ठेवला. सरांनी तो वाचला.

"या आकड्यावर माणूस जगत नाही," ते म्हणाले. "पुन्हा मोज." आणि बुटांचा आवाज करत पुढं गेले.

ती भित्रीच राहिली. पहिली परीक्षा पास झाली, पुढच्याही झाल्या, कुंभारीला दवाखाना काढला, पण इंजेक्शन देताना तिचं तोंड रोग्यापेक्षा जास्त कसनुसं व्हायचं. लहान मुलं तिच्याकडं बघून रडायची थांबायची, बहुतेक तिची दया येऊन. रुद्रप्पांना अंड्याचं कधी कळलं नाही. दोड्डप्पांना तर नाहीच.

चंद्रव्वानं मात्र ते अंडं पाजलं त्याच आठवड्यात शेंगाच्या पोळ्या केल्या, डब्यात भरल्या आणि लेकीला म्हणाली, मला त्या भूदेवीच्या घरी ने. पूर्व भागात ती कधी गेली नव्हती. नरसम्मानं दारातल्या लडी बाजूला करून तिला आत घेतलं, घोंगडी अंथरली. हिला तेलुगू येत नव्हतं, तिला कानडी येत नव्हतं, आणि दोघींचं मराठी मिळून एका माणसापुरतं होतं. पोरी मध्ये बसून सांगायला लागल्या तर दोघींनी त्यांना बाहेर घालवलं.

बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही, नुसता मागांचा आवाज. मग काशम्मानं दारातून डोकावून बघितलं. नरसम्मा मागावर बसली होती आणि चंद्रव्वा शेजारी वाकून, पदर खोचून, धागा कुठून कसा जातो ते बोट लावून विचारत होती.